पऱ्हाटीत (कपाशीत) तण माजलं, वापसा येत नाही : कोणतं तणनाशक, किती आणि कसं?

बेंबळाकाठ | ६ जुलै, सकाळी ७.१०

रामराम मंडळी. तालुका बाभूळगाव, जिल्हा यवतमाळ. सहा एकर काळी, कोरडवाहू. १७ जूनला सरकी टोबली. साधं बीजी-२ (बोंडअळीविरुद्ध जनुक असलेलं) बियाणं, पक्क्या बिलाचं. आठ तासांमागे (ओळींमागे) एक तास तुरीचं आहे.

पेरणी झाल्याबरोबर पेंडीमिथॅलिन (तण उगवायच्या आधी मारायचं तणनाशक) मारायचं ठरवलं होतं. टोबणी संपली त्याच रात्री पाऊस लागला आणि रानात पाय ठेवायला सहा दिवस गेले. तोवर तण उगवून वर आलं होतं, म्हणून ते राहूनच गेलं. आता पऱ्हाटी चार पानांवर आहे आणि तिच्या बरोबरीनं शिप्पी, केना, कुंजरू, दुधी, माठ सगळंच उभं आहे. खालच्या अंगाला, पाणी साचतं तिथे लव्हाळा. वापसा नाही, म्हणजे रान मशागतीजोगं सुकतच नाही; बैलं चिखलात रुततात, डवरा (कोळपं) चालवायचं नावच नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, कारण सगळ्या गावाचं निंदण एकाच वेळी आलंय. मिळाल्या तर रोजी ३०० रुपये आणि ऑटोचं भाडं वेगळं.

दुकानदार म्हणतो, एकाच डब्यात दोन औषधं असलेलं तणनाशक ने, फवारणीच्या पंपाला ४५ मिली टाक. मी आजवर पऱ्हाटीत उगवणीनंतरचं तणनाशक मारलेलं नाही. पऱ्हाटी करपली तर दुबार पेरणीची ऐपत नाही. पंप चुलतभावाचा आणणार आहे, त्याचा बॅटरीचा आहे. त्यानं धुऱ्यावरचं (बांधावरचं) गाजरगवत त्याच पंपानं मारलं, चांगलं जळलं.

कोणी वापरलं असेल तर खरंखुरं सांगा.

---

मोंढारोड | ६ जुलै, सकाळी ९.४५

भाऊ, माझं परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. घरची पंधरा एकर कपाशीही आहे, त्यामुळे मी विकतो तेच मारतो.

तुम्हाला सांगितलेलं औषध बहुतेक पायरिथिओबॅक सोडियम ६ टक्के अधिक क्विझालोफॉप इथाईल ४ टक्के हे असेल. डब्यावर हीच नावं आहेत का ते वाचून घ्या. पायरिथिओबॅक रुंद पानांच्या तणांवर चालतं, क्विझालोफॉप गवतवर्गीय तणांवर. कपाशीच्या ओळीवर पडलं तरी चालतं असं उगवणीनंतरचं रुंद पानांचं औषध आपल्याकडे जवळजवळ हे एकच, बाकीची बहुतेक कपाशीलाही तणच समजतात. याचं प्रमाण हेक्टरी १ ते १.२५ लिटर, म्हणजे एकरी ४०० ते ५०० मिली.

आता ४५ मिलीचं. आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय म्हणजे पंपाला किती मिली ते सांगणं. एकरी किती पंप पडतात हे कोणी विचारत नाही. ४५ मिलीनं एकरात दहा पंप मारले तर ४५० मिली गेलं, हिशेब बरोबर. पण बॅटरीचा पंप घेऊन भराभर चालणारा गडी एकर सहा पंपांत उरकतो. मग २७० मिलीच जातं, तण पिवळं पडतं आणि आठ दिवसांनी पुन्हा फुटतं. उलट, हळू चालणारा चौदा पंप मारतो, ६३० मिली जातं आणि कपाशीला चटका बसतो. दोघंही दुकानात येऊन औषध बोगस आहे म्हणून भांडतात.

म्हणून आधी साध्या पाण्यावर मोजून घ्या. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक गुंठा आखा. पंपात मोजून दहा लिटर पाणी घ्या आणि रोजच्या चालीनं तेवढा गुंठा फवारा. उरलेलं पाणी मोजा. समजा चार लिटर गेलं. चाळीस गुंठ्यांना १६० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे साधारण अकरा पंप. ४५० मिलीला अकरानं भागलं की पंपाला ४१ मिली. जो माणूस फवारणार आहे त्यानंच हे करायचं, कारण चाल ज्याची त्याची असते.

तण दोन ते चार पानांवर असतानाच मारा. त्याच्या पुढे गेलं की हे औषध त्याला फक्त थांबवतं, मारत नाही. जमिनीत ओल हवी, ती तुमच्याकडे आहेच. फवारल्यावर चार-सहा तास उघडीप हवी. कपाशीची पानं आठ-दहा दिवस पिवळसर दिसतील, त्याला घाबरू नका, नवी पानं हिरवी येतात. आणि फेरी वाचवायची म्हणून त्यातच कीटकनाशक मिसळू नका. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं तर मुळीच नाही, चटका वाढतो.

---

जुना_वखर | ६ जुलै, दुपारी १.२०

मी वर्धा जिल्ह्यातला, वय ६८. तणनाशकाच्या विरोधात नाही, मीही मारतो. पण तणनाशकानं डवरणी सुटते ही समजूत काढून टाका. डवऱ्यानं तण तर जातंच, वर जमिनीची भेग बुजते, मातीत हवा खेळते आणि ओल टिकते. काळ्या रानात पावसानं महिनाभर ताण दिला तर डवरलेलं आणि न डवरलेलं रान धुऱ्यावरूनच ओळखू येतं. सगळं तणनाशकावर ठेवणाऱ्याची पऱ्हाटी ऑगस्टच्या उघाडीत आधी सुकते, हे मी माझ्याच दोन वावरांत पाहिलं.

पहिले साठ दिवस तण वर जाऊ द्यायचं नाही. साठ दिवसांनंतर पऱ्हाटी तासं झाकते आणि तिच्या सावलीत तणाचा जोर राहत नाही. तेव्हा बेंबळाकाठ, आता एक फवारा, वापसा आल्यावर डवरणी, मग पोळ्याच्या आधी आणखी एक-दोन डवरण्या. एवढ्यावर माझं भागतं.

---

आकोटकर | ६ जुलै, रात्री ८.३०

हे सगळं करण्यापेक्षा तणावरचं (तणनाशक मारलं तरी न मरणारं) बियाणं का लावत नाही? आमच्या भागात कित्येक जण लावतात. पऱ्हाटी गुडघ्याला लागली की ग्लायफोसेटचा एक फवारा, रान साफ. निंदणाचे पैसे वाचतात ते वेगळेच. २०१९ मध्ये आमच्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेनं जाहीरपणे हे बियाणं पेरून सत्याग्रह केला होता. ब्राझील, ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्याला जे तंत्रज्ञान मिळतं ते आम्हाला का नाही? हा प्रश्न मी मनापासून विचारतोय.

---

मोंढारोड | ६ जुलै, रात्री ९.५५

आकोटकर दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. मजुरीचा बोजा मलाही कळतो. पण शेजाऱ्याला आज काय सल्ला द्यायचा, हा वेगळा विषय आहे. तणनाशक सहन करणाऱ्या त्या वाणाला देशात मंजुरी नाही. मंजुरीसाठीचा अर्ज कंपनीनं २०१६ मध्येच मागे घेतला. त्यामुळे बाजारात जे मिळतं ते बिनबिलाचं. पाकिटात सगळी सरकी सहनशील आहे की निम्मीच, हे फवारल्यावरच कळतं. निम्मी पऱ्हाटी जळाली तर तक्रार कुठे करणार? बिल नाही, लॉट नंबर नाही, पंचनाम्याला कोणी येत नाही. बोंडअळीविरुद्धचं जनुक त्यात नीट आहे की नाही हेही कोणी तपासलेलं नसतं.

ग्लायफोसेटचं लेबल आपल्याकडे चहाच्या मळ्यांना आणि बिनपिकाच्या जागेला आहे, कपाशीला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करावा अशी अधिसूचना काढली. माझ्या दुकानात मी त्या वाटेला जात नाही.

शेतीच्या बाजूनंही एक अडचण आहे. केना ग्लायफोसेटला सहज दाद देत नाही. दरवर्षी तेच एक औषध मारत गेलं की बाकीचं तण हटतं आणि मोकळ्या जागेत केनाच पसरतो. क्विझालोफॉपचंही तसंच. आमच्या गावात तीन-चार वर्षं नुसतं गवताचं औषध मारलेल्या रानात आता दुधी आणि कुंजरूचं राज्य आहे.

---

आकोटकर | ६ जुलै, रात्री १०.२०

बिलाचं म्हणणं मान्य. माझ्या साडूचं दोन वर्षांमागे असंच झालं, पाकिटागणिक फरक निघाला आणि दीड एकर मोडावं लागलं. तरी मागणी सोडणार नाही. तपासणी करा, मंजूर करा आणि बिलावर विका, एवढंच मागतोय.

---

गिरणाकाठ | ७ जुलै, सकाळी ६.०५

बेंबळाकाठ भाऊ, अजून फवारलं नसेल तर थांबा. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं शेवटाजवळचं एक वाक्य कोणाच्या नजरेत आलेलं दिसत नाही. चुलतभावानं धुऱ्यावरचं गाजरगवत त्या पंपानं मारलं, ते कोणत्या औषधानं? २,४-डी (रुंद पानांचं तण मारणारं तणनाशक) असेल तर तो पंप कपाशीत नेऊ नका.

मी जळगाव जिल्ह्यातला, ठिबकवर मे अखेरीची लागवड असते. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे हेच घडलं. मजुरानं आदल्या दिवशी दुसऱ्याच्या उसात २,४-डी मारलं आणि तोच पंप पाण्यानं खळखळून माझ्या कपाशीत मावा-तुडतुड्याची फवारणी केली. तिसऱ्या दिवशी शेंडे खाली वाकले. आठवड्यानं नवी पानं निघाली ती भेंडीच्या पानासारखी, बोटं बोटं फाटलेली, शिरा एकमेकींना चिकटलेल्या. मी चुरडामुरडा समजून आणखी दोन कीटकनाशकं मारली, ते पैसेही वाया गेले. शेवटी कृषी विज्ञान केंद्राच्या माणसानं पान हातात घेतल्याबरोबर सांगितलं. ज्या तासांत पंपाची पहिली टाकी गेली होती तिथे सगळ्यात जास्त, पुढे पुढे कमी. पाच टाक्या झाल्यावरची कपाशी चांगली होती. म्हणजे पंपात किती उरलं असेल याचा अंदाज करा, आणि तेवढ्यानं पाऊण एकराचं पातंफूल (कळ्या-फुलं) महिनाभर थांबलं.

कपाशी २,४-डीला इतकी नाजूक आहे की नळीत, वायसरमध्ये, गाळणीत मुरलेला अंशही पुरतो. एस्टर प्रकारचं औषध असेल तर उन्हात त्याची वाफ होऊन शेजारच्या शेतात जाते, वारा नसला तरी. म्हणून धुऱ्यावरच्या गाजरगवतालाही कपाशी उभी असताना ते मारू नये, उपटावं. हातमोजे घालून, फुलायच्या आत.

सोयाबीनवाल्यांचा पंपही तसाच. इमाझेथापायर हे तणनाशक सोयाबीनला चालतं, कपाशीला नाही.

---

बेंबळाकाठ | ७ जुलै, सकाळी ७.३०

गिरणाकाठ दादा, आत्ता चुलतभावाकडे जाऊन आलो. रिकामा डबा गोठ्याच्या आढ्यात खोचलेला होता. २,४-डी, एस्टर. आज सकाळीच फवारणार होतो, पंपात पाणी भरायला घेतलं होतं.

तो म्हणतो, तीन वेळा धुतला. आता काय करू? नवा पंप घ्यायचा तर अडीच-तीन हजार.

---

मोंढारोड | ७ जुलै, सकाळी ८.१५

माझ्या डोळ्यांखालून ते वाक्य निसटलं, गिरणाकाठ यांचे आभार.

पाण्यानं धुऊन भागत नाही. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, लान्समधून थोडं बाहेर काढा म्हणजे नळीतही भरेल, आणि रात्रभर तसंच राहू द्या. नोझल, गाळणी, वायसर खोलून त्याच पाण्यात बुडवा. सकाळी ते काढून दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी. धुवण नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका, पिकात तर नाहीच. एवढं करूनही मी त्या पंपाची खात्री देणार नाही. मिळाला तर ज्यातून कधी २,४-डी गेलं नाही असा दुसरा पंप मागा. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा, त्यावर रंगानं खूण करावी.

नोझलही बदला. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल धुकं करतं. तणनाशकाला पट्टा पाडणारं, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट हवं.

---

रानभाजी | ७ जुलै, दुपारी ३.४०

मी घाटंजी तालुक्यातली. मालक वारल्यापासून चार एकर स्वतः करते, आणि माझं निंदण झालं की दुसऱ्यांच्या निंदणालाही जाते. इथे सगळे मजूर मिळत नाहीत म्हणतात, म्हणून त्या बाजूनं बोलते.

बाई निंदायला बसते तेव्हा नुसतं तण काढत नाही. पऱ्हाटीच्या बुडाला माती लावते, खाडा (न उगवलेली जागा) दिसला तर सांगते, अळीची अंडी दिसली तर पान खुडते. पदरात कुंजरू, तांदुळजा, घोळ घेऊन घरी जाते, रात्रीची भाजी होते. शेळीला ओलं गवत होतं. ज्या वावरात फवारा झाला तिथली भाजी आणि गवत घेऊ नका, हे वावराच्या मालकानं सांगायला पाहिजे. सांगत नाहीत. मागच्या वर्षी आम्ही एका वावरातून चारा आणला आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तिथे आदल्या सकाळी औषध मारलं होतं. वावराच्या तोंडाशी एक लाल चिंधी बांधायला काय लागतं?

दुसरं, फवारणाऱ्या माणसाचं. आमच्या जिल्ह्यानं २०१७ पाहिलंय. वीसच्या वर माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली. ती कीटकनाशकं होती, पण म्हणून तणनाशक उघड्या अंगानं मारायचं नाही. पॅराक्वाट तर पोटात गेलं की त्यावर उतारा नाही. घरात पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आणि त्या घरच्या सुनेला तिथेच ओरडले.

बेंबळाकाठ भाऊ, तुम्ही तुरीचं तास लिहिलं आहे. त्याचं काय करणार? ते औषध कापसाचं आहे.

---

मोंढारोड | ७ जुलै, सायंकाळी ६.००

ताई, अगदी बरोबर. त्याचं लेबल कपाशीला आहे, तुरीला नाही. पायरिथिओबॅक रुंद पानांवर काम करतं आणि तूर रुंद पानांचीच. तुरीच्या दोन्ही बाजूंचं एकेक तास सोडून द्या, तिथे हातानंच निंदण करा.

चिंधीचं मी उद्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगेन.

---

नवी_पेरणी | ८ जुलै, सकाळी १०.३०

माझी टोबणी काल झाली, आज उघडीप आहे. पेंडीमिथॅलिन आता चालेल का?

---

मोंढारोड | ८ जुलै, सकाळी ११.०५

चालेल, आजच मारा. पेरणीपासून तीन दिवसांच्या आत, तण आणि कपाशी उगवायच्या आधी. ३८.७ टक्के सीएस एकरी ६०० ते ७०० मिली, पाणी एकरी २०० लिटर. भारी काळ्या रानाला वरचं प्रमाण. जमीन ओली हवी, ढेकळं नकोत. ढेकळामागच्या मातीवर औषध पडतच नाही आणि तिथूनच तण येतं. मारताना मागे मागे सरकत या, फवारलेली माती तुडवू नका. महिनाभर बहुतेक बियांचं तण दबून राहतं. लव्हाळा, हराळी आणि कुंदा गाठीतून, मुळातून फुटतात, त्यांना हे लागू नाही.

---

जुना_वखर | ८ जुलै, दुपारी २.००

लव्हाळ्याच्या नादी पऱ्हाटीत लागू नका. वरून कितीही खुरपा, खाली गाठींची माळ असते, एक तोडली की दुसरी जागी होते. त्याचा आणि कुंद्याचा बंदोबस्त उन्हाळ्यातच. मार्चमध्ये खोल नांगरट, काशा (जमिनीतली मुळं) वेचून धुऱ्याबाहेर, एप्रिल-मेचं ऊन. माझ्या वडलांनी एका वावरातला कुंदा तीन उन्हाळे खणून काढला होता. ते वावर अजून स्वच्छ आहे.

---

बेंबळाकाठ | १० जुलै, रात्री ९.००

आज फवारलं. पंप मामाच्या गावाहून आणला, त्यांनी त्यात कधी तणनाशक घातलंच नव्हतं. ८ तारखेला गुंठा आखून पाणी मोजलं. माझं गेलं पावणेचार लिटर, एकरी दहा पंप. दुकानदाराचे ४५ मिली माझ्या चालीला बरोबर बसले, लहान भावाच्या बसले नसते, त्याचं गुंठ्याला अडीच लिटरच गेलं. म्हणून सहाही एकर मीच मारलं. तुरीजवळची तासं सोडली. सकाळी सातला सुरू केलं, दुपारी साडेतीनला पहिली सर आली. शेवटचं अर्धा एकर अडीचला झालं होतं, तिथे काय होतं ते पाहू.

दोन्ही वाटांवर लाल चिंधी बांधली.

आणि एक केलं. चुलतभावाचा पंप त्यानं धुतला तसाच आणला, नुसतं पाणी भरलं आणि त्याच्याच कपाशीच्या कोपऱ्यातल्या दहा झाडांवर मारलं. त्याला दाखवायचं होतं, तोही तयार झाला.

---

गिरणाकाठ | ११ जुलै, सकाळी ६.२०

फार चांगलं केलंत. त्या दहा झाडांचे फोटो टाका.

---

बेंबळाकाठ | २४ जुलै, रात्री ८.४५

उशिरा लिहितोय, मधे नेट नव्हतं आणि १९ ते २२ डवरणीत गेलो.

चुलतभावाची ती दहा झाडं : चौथ्या दिवशी शेंडे वाकले. आता आठ झाडांवर नवी पानं भेंडीची. दोन झाडं बरी दिसतात. तो रोज जाऊन बघतो. पंप आता धुऱ्यालाही वापरणार नाही म्हणतो, आणि गाजरगवत आम्ही दोघांनी मिळून उपटायला घेतलंय.

माझं रान : शिप्पी पूर्ण गेली, पण बारा दिवस लागले. पहिल्या आठवड्यात वाटलं काहीच होत नाही. आधी मधला पोंगा ओढला की सुटून हातात यायला लागला, मग पानं लाल-तपकिरी झाली. कुंजरू, दुधी, माठ जे बारीक होतं ते मेलं. केना जो हातभर पसरला होता तो पिवळा पडून थांबला होता, पावसानंतर पुन्हा फुटतोय. पऱ्हाटी आठ दिवस पिवळी होती, त्या आठ दिवसांत मला झोप नव्हती. आता गडद हिरवी काळोखी धरली आहे. शेवटच्या अर्ध्या एकरात, जिथे फवारल्यावर तासाभरात पाऊस आला, तिथे गवत अर्धंच मेलं.

लव्हाळा जसाच्या तसा आहे, काका. मार्चमध्ये नांगरटीच्या वेळी तुम्हाला फोन करीन.

खर्च एकरात नाही काढला अजून. निंदण पूर्ण सुटलं नाही. तुरीजवळचे सोडलेले पट्टे, लव्हाळ्याचा भाग आणि ते अर्धा एकर मिळून उद्या सात बाया येणार आहेत, दोन दिवसांचं काम. रानभाजी ताई, फवारलेल्या भागातली भाजी आणि चारा नेऊ नका असं सगळ्यांना आजच घरोघरी सांगून आलो. तुरीच्या पट्ट्यांत तांदुळजा बराच आहे, पण दोन्हीकडच्या तासांवर औषध गेलंय आणि उडून किती आलं असेल ते मला सांगता येत नाही, म्हणून तोही नेऊ नका म्हटलं. घरामागच्या परसात औषध गेलेलं नाही, तिथला तांदुळजा आईनं त्यांच्यासाठी राखून ठेवलाय.